कोणता चांगदेव?

फोटोखाली एकच शब्द असतो: चांगदेव. फोटो चढवणाऱ्याच्या लेखी त्यात सगळं आलं. बघणाऱ्याने काय समजायचं?

मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव नावाचं गाव आहे. गावात काळ्या दगडाचं जुनं देऊळ आहे, तेही चांगदेवच. देऊळ ज्यांच्या नावाचं ते योगी चांगदेव आणखी निराळे. त्यांनी ज्ञानेश्वरांना कोरं पत्र धाडलं, उत्तरादाखल पासष्ट ओव्या आल्या आणि पुढे वयाने कितीतरी लहान असलेल्या मुक्ताईला त्यांनी गुरू केलं, अशी परंपरा सांगते. त्यांची समाधी मात्र खान्देशात नाही, गोदाकाठी पुणतांब्याला आहे. आता जळगाव जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला या, चाळीसगावजवळ पाटणादेवीला. तिथल्या शिलालेखात एक चांगदेव भेटतो. हा भास्कराचार्यांचा नातू, यादव राजा सिंघणाच्या पदरचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ काढला. त्या मठाला मिळालेल्या दानाची नोंद १२०७ साली दगडात कोरली गेली आणि तिच्या शेवटच्या काही ओळी मराठीत आहेत. पाचवा चांगदेव कादंबरीतला. जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाडे यांनी ‘बिढार’पासून चार कादंबऱ्या ज्याच्याभोवती उभ्या केल्या तो चांगदेव पाटील.

गाव, देऊळ, योगी, ज्योतिषी आणि नायक. पाचही जण एका जिल्ह्याशी नातं सांगतात आणि टॅगमध्ये पाचही जण एकाच शब्दात कोंबले जातात. ज्योतिषी चांगदेवावर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला संगमावरच्या देवळाचे फोटो मिळतात. देऊळ शोधणाऱ्याला कादंबरीचं मुखपृष्ठ मिळतं. दोन-तीनदा असं झालं की माणूस शोधणं सोडतो आणि पहिल्या पानावर जे दिसलं तेच खरं धरून चालतो. मग शाळेच्या हस्तलिखितात भास्कराचार्यांचा नातू थेट मुक्ताईचा शिष्य होतो. ही चूक त्या पोराची नाही. ‘चांगदेव’ एवढंच लिहून निघून गेलेल्या प्रत्येकाची आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. लोकांनी लावलेले टॅग ठेवा, एकही खोडू नका. पण प्रत्येक टॅगला त्याचा अर्थ बांधा: हा कोणता, कधीचा, आणि फोटोशी त्याचं नातं काय. आणि हे काम खान्देशातल्या माणसांनी करायचं आहे, कारण हे दुसऱ्या कोणाला येणार नाही.

लोकांच्या टॅगना नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. ग्रंथालयशास्त्र शिकलेल्यांना वाटतं, हा सगळा कचरा आहे, तज्ज्ञांनी ठरवलेली विषयसूची लावा की झालं. मला हे मुळीच मान्य नाही. तज्ज्ञांच्या विषयसूचीत ‘आखाजी’ नसते. ‘रोट’ नसतो, ‘सालदार’ नसतो, ‘कानबाई’ असलीच तर ‘लोकदेवता’ या मोठ्या पिशवीत तळाला असते. हे शब्द महाजालावर आले ते धुळ्याच्या, शिरपूरच्या, पारोळ्याच्या पोरापोरींनी मोबाईलवरून फोटो चढवताना खाली लिहिले म्हणून. २००४ साली टॉमस व्हँडर वॉल या अमेरिकी माणसाने लोकांच्या या वर्गीकरणाला ‘फोक्सॉनॉमी’ असं नाव दिलं. फ्लिकर त्याच साली सुरू झालं आणि विकिमीडिया कॉमन्सही. तेव्हापासून जगभरचे लोक आपल्या चित्रांना आपल्या शब्दांत नावं देत आले आहेत. एवढा मोठा शब्दसंग्रह कोणत्याही समितीने आजवर गोळा केलेला नाही. त्याला कचरा म्हणणाऱ्याने आधी त्यातला एक शब्द तरी उलगडून दाखवावा.

आखाजीचंच घ्या. वैशाखातल्या त्या दिवशीचा एक फोटो पाहण्यात आला. पाण्याने भरलेली मातीची घागर, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर डांगर, शेजारी सांजोऱ्या आणि आंबे. खाली टॅग होते: अक्षय्यतृतीया, सोनेखरेदी, शुभमुहूर्त, मराठी सण. फोटो शिंदखेड्याकडच्या एका मावशींना दाखवला. त्या चटकन म्हणाल्या, “भाऊ, हाई आखाजी शे! हाई पितरंसनी घागर शे. सोनं कोठे दिसनं तुले?”

मावशींच्या तीन वाक्यांत जे आहे ते त्या चार टॅगांत कुठेच नाही. आखाजी आणि अक्षय्यतृतीया यांची तिथी एक आहे, सण एक नाही. खान्देशात आखाजी म्हणजे पितरांना घागर भरणं. सासुरवाशिणींनी माहेरी येणं, गौराई मांडणं, लिंबाच्या फांदीला झोका बांधून गाणी म्हणणं. शेतकऱ्याच्या घरी याच दिवशी जुन्या सालदाराचं साल संपतं आणि नव्याचं सुरू होतं. म्हणजे शेतमजुराच्या लेखी हा वर्षाचा पहिला दिवस. पुण्यामुंबईच्या सराफांच्या जाहिरातीतला सोन्याचा मुहूर्त आणि हा दिवस पंचांगात शेजारी बसतात, बस, इतकंच.

आता इथे सोयीस्कर यंत्र काय करतं? दोन शब्द एकाच तारखेला सारखे दिसतात म्हणून ते समानार्थी ठरवतं आणि ‘आखाजी’ला ‘अक्षय्यतृतीये’त विरघळवून टाकतं. शोधणाऱ्याला सोय होते म्हणे. कोणाची सोय? आखाजीचे झोके शोधणाऱ्या माणसाला त्यानंतर बांगड्यांच्या जाहिराती बघाव्या लागतात. अर्थ स्पष्ट करणं आणि शब्द एकमेकांत मिसळणं या दोन उलट्या गोष्टी आहेत. ‘त्याच दिवशी येतो’ हे एक नातं, ‘तेच आहे’ हे दुसरं. आखाजीच्या बाबतीत पहिलं नातं लिहायचं आहे, दुसरं खोटं आहे. हा फरक ज्याला कळत नाही त्याच्या हाती आपले सण देऊ नयेत, मग तो माणूस असो की प्रोग्रॅम.

उलट बाजूही तितकीच खरी. काही शब्द वेगळे दिसतात आणि आत वस्तू एकच असते. चांगदेवपासून जवळच हतनूर धरण आहे. हिवाळ्यात तिथे पाणपक्ष्यांचे फोटो काढायला मंडळी जमतात. कोणी खाली चक्रवाक लिहितं, कोणी ब्राह्मणी बदक. पक्षी एकच. फ्लिकरवरच्या पक्षिमित्रांनी यावर फार पूर्वी तोड काढली. २००७ साली फ्लिकरने मशीन टॅग नावाची सोय दिली. टॅगचे तीन तुकडे करायचे: कोणत्या क्षेत्रातला, काय सांगणारा, आणि किंमत किती. त्यात शास्त्रीय नाव लिहिण्यासाठी ठरलेला साचा होता. मग खाली चक्रवाक लिहा की ब्राह्मणी बदक, मागे ‘टॅडोर्ना फेरुजिनिया’ बांधलं की हतनूरचा पक्षी जगातल्या कोणत्याही अभ्यासकाला सापडतो. आणि तुमचा शब्दही जागच्या जागी राहतो.

हीच गोष्ट नकाशावाल्यांनी अधिक टोकदार केली. ओपनस्ट्रीटमॅप २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला. त्यात प्रत्येक टॅग जोडीने येतो, एक किल्ली आणि तिची किंमत. नवीन किल्ली कोणीही काढू शकतो, पण तिचा अर्थ काय, ती कुठे लावायची नि कुठे नाही, हे प्रकल्पाच्या विकीवर लिहून ठेवण्याची तिथे रीत आहे. गावाच्या नावासाठीच किती किल्ल्या: मराठी नाव, पर्यायी नाव, स्थानिक बोलीतलं नाव, जुनं नाव. मुक्ताईनगरच्या पुढे जुनं नाव म्हणून ‘एदलाबाद’ लिहिलं की पन्नास वर्षांपूर्वीच्या पत्रावरचा पत्ता आणि आजचं गाव यांची गाठ पडते. ज्या आजोबांच्या तोंडी अजून एदलाबादच आहे, त्यांचंही नाव त्यात चुकीचं ठरत नाही.

जळगावकडे वळू. अजिंठ्याच्या लेण्यांच्या फोटोंवर ‘जळगाव’ हा टॅग पर्यटक हौसेने लावतात. लेणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, सोयगाव तालुक्यात. पण रेल्वेने येणारा पाहुणा उतरतो जळगावला, म्हणून त्याच्या डोक्यात अजिंठा म्हणजे जळगाव. हा टॅग खोटा नाही. त्याचा अर्थ फक्त ‘इथे आहे’ असा नसून ‘इथे उतरून गेलो’ असा आहे. हा अर्थ लिहिला तर तोच टॅग प्रवाशाच्या कामाचा. न लिहिला तर जिल्ह्याच्या वारसायादीत दुसऱ्या जिल्ह्याची लेणी आणि पाटण-बाळसाण्याच्या देवळांकडे कोणी ढुंकून बघत नाही. धुळ्याच्या साक्री तालुक्यातल्या बाळसाण्याला हेन्री कझेन्सने १९३१ साली छापून आलेल्या दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरच्या मोठ्या ग्रंथात जागा दिली. आज ‘बाळसाणे’ लिहायला किती जणांची बोटं वळतात? आणि नुसतं जळगाव लिहून भागतं का? बुलढाणा जिल्ह्यातलं जळगाव जामोद काही लहान गाव नाही. तिथल्या फोटोंनाही लोक जळगावच लिहितात, आणि का लिहू नये? त्यांचंही ते जळगावच.

काळाचा घोटाळा याहून वाईट, कारण तो दिसत नाही. ‘खान्देश’ या टॅगचा अर्थ साल सांगितल्याशिवाय लागतच नाही. फारुकी सुलतानांचं राज्य म्हणाल तर राजधानी बुऱ्हाणपूर, म्हणजे आजचा मध्य प्रदेश. इंग्रजांचा खान्देश जिल्हा म्हणाल तर १८६९ पर्यंत त्यात मालेगाव, बागलाणचा भागही होता. तो नंतर नव्या नाशिक जिल्ह्याला गेला. १९०६ साली खान्देशाचे दोन तुकडे झाले, पूर्व आणि पश्चिम, मुख्यालयं जळगाव आणि धुळे. महाराष्ट्र झाल्यावर जिल्ह्यांनी शहरांची नावं घेतली. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. तोरणमाळचा १९९० सालचा फोटो ‘धुळे जिल्हा’ म्हणून नोंदला असेल तर तो तेव्हा बरोबर होता. आज तोच टॅग बदलून ‘नंदुरबार’ करणारा एक चूक सुधारतो आणि दुसरी करतो. दोन्ही ठेवा, बाजूला साल घाला. मालेगावात बनणारे हिंदी विनोदी व्हिडिओ खान्देशच्या नावाने खपतात म्हणून आपल्याकडे काही जण चिडतात. चिडण्याआधी १८६९ पूर्वीचा नकाशा बघावा. वाद घालायचाच तर भाषेवर घाला, कारण अहिराणी गाणं शोधणाऱ्याला हिंदी विनोद मिळतो, ही तक्रार खरी आहे.

भाषेचं दुखणं सांगायलाच हवं. २०११ च्या जनगणनेत खान्देशी बोलणारे सुमारे १८ लाख ६० हजार नोंदले गेले, अहिराणी त्या आकड्यातच धरलेली. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाने १९०७ साली खान्देशीला भिल्ली भाषांच्या खंडात बसवलं होतं. आंतरराष्ट्रीय भाषासंकेतांत मात्र अहिराणीला वेगळा संकेत आहे, एएचआर, आणि खान्देशीला वेगळा, केएचएन. म्हणजे एकाच बोलीसाठी तीन सरकारी-अर्धसरकारी टॅग आणि तिघांचा अर्थ तीन प्रकारचा. त्यावर आपण स्वतः काय करतो? अहिराणी गाणं चढवताना भाषेच्या जागी ‘मराठी’ निवडतो आणि खाली ‘आदिवासी, खान्देशी, डीजे, हिंदी’ अशी रांग लावतो, म्हणजे जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचावं. पोहोचतं, पण अहिराणी म्हणून नाही. भाषा शिकणाऱ्या यंत्रांना ज्या गाण्याची भाषा मराठी म्हणून सांगितली ते गाणं मराठीच्या ढिगाऱ्यात जातं. आणि मग आपणच म्हणतो, अहिराणीला कोणी विचारत नाही. विचारणार कसं? तुम्ही तिचं नावच लपवून ठेवलंत.

बहिणाबाई हे तर रोजचं उदाहरण. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी, जन्म १८८०, निधन १९५१. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, जपली आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. तुकोबांच्या शिष्या, शिऊरच्या संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या, त्यांचे अभंग निराळे, आयुष्य निराळं. आणि २०१८ पासून जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे, त्यामुळे पोरं निकालाचा फोटो टाकतानाही ‘बहिणाबाई’च लिहितात. कवितेच्या रेकॉर्डिंगशेजारी पुनर्मूल्यांकनाचा अर्ज येऊन बसतो. तेवढं एक वेळ खपेल. पण बहिणाबाईंच्या वाचनाखाली ‘अहिराणी कविता’ लिहिणं खपू नये. त्यांची बोली लेवा गणबोली, जळगाव-यावल-रावेरकडची. अहिराणी गिरणा-पांझरा खोऱ्यात बोलली जाते आणि तिची ऐट तिची आहे. दोघींना एका शब्दात बसवणाऱ्याने दोघींचंही नुकसान केलं. अहिराणीत लिहिणारी आजची बाई बहिणाबाईंच्या सावलीत दिसेनाशी होते, आणि लेवा बोलीला तर स्वतःचा टॅगच मिळत नाही.

तोडगा काय, हे विचारणाऱ्यांना मी लांबचं काही सांगत नाही. विकिडेटा २०१२ पासून चालू आहे. तिथे प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र क्रमांक असतो, क्रमांकाला मराठी नाव, खाली एका ओळीचं वर्णन आणि ‘असंही म्हणतात’ अशी जागा. एकाच भाषेत तेच नाव आणि तेच वर्णन अशी जोडी दोनदा चालत नाही, यंत्र अडवतं. म्हणून ‘चांगदेव’ पाच वेळा लिहिता येतो, पण प्रत्येकाखाली ओळ वेगळी लिहावीच लागते: ‘मुक्ताईनगर तालुक्यातील गाव’, ‘भास्कराचार्यांचा नातू, ज्योतिषी’. वर ‘याहून वेगळे’ असं एक नातं आहे. गोंधळ होणाऱ्या दोन नोंदी त्याने एकमेकींकडे बोट दाखवतात. संत बहिणाबाई आणि बहिणाबाई चौधरी यांच्यात हे नातं जोडायला लागतात जेमतेम दोन मिनिटं. कॉमन्सवर २०१९ पासून प्रत्येक फोटोला अनेक भाषांत मथळा लिहिता येतो आणि ‘चित्रात काय दिसतं’ हे त्याच क्रमांकाने जोडता येतं. अहिराणी मथळा हवा असेल तर तो लिहायला अहिराणी येणारं माणूस हवं. तेवढंच भांडवल, आणि ते आपल्याकडे लाखांनी आहे.

हे काम लोकांवर सोपवलं तर अंदाधुंदी होईल, असं म्हणणाऱ्यांना एक हिशेब दाखवतो. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मध्ये आपले जुने फोटो फ्लिकरवर ठेवले आणि म्हटलं, लोकहो, लिहा. त्याच वर्षअखेरच्या अहवालात आकडे आले. अडीच हजारांवर लोकांनी ६७ हजार १७६ टॅग लावले. अनुचित म्हणून काढावा लागलेला मजकूर पंचवीस नगांच्याही आत. आणि लोकांनी दिलेली माहिती तपासून लायब्ररीने स्वतःच्या सूचीतल्या पाचशेहून अधिक नोंदी सुधारल्या. ‘तपासून’ या शब्दावर माझा जोर आहे. लोक सांगतात, जाणकार तपासतो, आणि नोंदीत दोघांचंही राहतं. तिथे कोणी लोकांचा शब्द पुसून आपला टाकला नाही.

आपल्याकडे जाणकारी नाही असं तर म्हणूच नका. धुळ्याच्या मातीत वि. का. राजवाडे राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ ला तिथेच गेले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ साली काढला. त्यातलं कुठलंही पत्र उघडा. वर क्रमांक, खाली तारीख. मजकुरात तारीख नसेल तर प्रसंगावरून ती शोधलेली. एक फाटका कागद नुसता ‘पानिपत’ असं लिहून त्यांनी कपाटात टाकला नाही. त्यांच्या पश्चात धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्याच शहरात समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली रामदासी हस्तलिखितं आहेत. ज्या शहराने कागद ओळखायची शिस्त महाराष्ट्राला दाखवली, त्या शहराचे डिजिटल फोटो ‘धुळे, मस्त, लाईक, फॉलो’ या चार शब्दांवर फिरतात. याचं मला वाईट वाटतं, रागही येतो, आणि दोन्ही मी लपवत नाही.

आणि संस्थांनो, तुम्हीही ऐका. फोटोंची डिजिटल प्रत काढली, संकेतस्थळावर टाकली, उद्घाटन झालं, हार झाले. प्रत्येक फोटोखाली ‘ऐतिहासिक छायाचित्र’. हा टॅग नाही, हे हात झटकणं आहे. यावल तालुक्यातल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन झालं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. मंडपाच्या गावाला नाव दिलं टिळकनगर, सजावट नंदलाल बोस यांची, बांबू आणि बोरूची. त्या गर्दीचा एक फोटो घ्या आणि खाली फक्त ‘गांधीजी, सभा’ लिहा. पुढे १९३८ साली हरिपुरात झालेल्या अधिवेशनातही नंदलाल बोसच होते. दोन गर्दी, दोन कमानी, कोण वेगळं करणार? टिळकनगर म्हटलं तर आज मुंबईतलंही टिळकनगर आठवतं. ‘टिळकनगर, फैजपूर अधिवेशनाची वस्ती, १९३६’ एवढी ओळ लिहायला खर्च शून्य आहे. जळगावात गांधीतीर्थ उभं आहे, विद्यापीठ आहे, इतिहास विभाग आहेत. प्रकल्प म्हणून पोरांना असे पन्नास फोटो द्या आणि प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारायला लावा: हा कोणता, कधीचा, फोटोशी नातं काय. गुण त्यावर द्या, पीपीटीवर नको.

ताजं उदाहरण अमळनेरचं. ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे भरलं. त्याच दिवसांत त्याच गावी विद्रोही साहित्य संमेलनही भरलं. आणि १९५२ साली, कृ. पां. कुलकर्णी अध्यक्ष असताना, अमळनेरला पहिलं संमेलन झालं होतं. आज ‘अमळनेर संमेलन’ हा एकच टॅग तिन्हींवर बसतो. त्यातून बीड जिल्ह्यातही एक अमळनेर आहे, तिथे आता रेल्वे पोहोचली आहे. २०२४ चे हजारो फोटो अजून लोकांच्या मोबाईलमध्ये आहेत. कोणत्या मंडपात कोणती कवयित्री बोलत होती, मागच्या फलकावर काय होतं, ग्रंथदिंडीत लेझीम खेळणाऱ्या मुली कोणत्या शाळेच्या, हे काढणाऱ्याला आज आठवतं. आणखी पाच वर्षांनी आठवणार नाही, तेव्हा फोटो उघडा आणि याच आठवड्यात लिहा.

१९५२ च्या फोटोंची गोष्ट जास्त निकडीची आहे. त्या मंडपात स्वयंसेवक म्हणून पाणी देणारी शाळकरी पोरं आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. अमळनेर, पारोळा, एरंडोल, धरणगाव इथल्या जुन्या घरांतल्या ट्रंकांमध्ये असे फोटो निघतील. त्यांतले चेहरे ओळखणारं माणूस त्याच घरात पलंगावर बसलेलं असेल. फोटो स्कॅन नंतर करा. आधी वही घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारा: हे कोण, आबा? ते ज्या शब्दात सांगतील तोच शब्द टॅग म्हणून लिहा. ‘आपला नाना’ म्हणाले तर ‘आपला नाना’ लिहा. आणि त्यापुढे लगेच विचारून घ्या, कोणाचा नाना, कोणत्या गावचा, तेव्हा काय करत होता.